तेरा लाखांच्या देशात विज्ञान कसे चालते

तार्तू हे एस्टोनियातील दुसऱ्या क्रमांकाचे शहर असले, तरी त्याची वस्ती जेमतेम लाखभर आहे. या शहरातील विद्यापीठाच्या जनुकविज्ञान संस्थेत दोन लाखांहून अधिक माणसांच्या रक्ताचे नमुने जपून ठेवलेले आहेत आणि त्या प्रत्येकाच्या आरोग्याच्या नोंदी त्या नमुन्यांशी जोडलेल्या आहेत. देशातील प्रौढ लोकांचा सुमारे एक पंचमांश भाग या संग्रहात सामावलेला आहे आणि हे सगळे लोक स्वेच्छेने आलेले आहेत. इतक्या लोकांनी आपले रक्त आणि आपल्या आजारपणाचा इतिहास एका विद्यापीठाच्या हवाली का केला, आणि त्यानंतर त्या माहितीचे नेमके काय होते, हे समजून घेतले की या देशातील संशोधनाचा बराचसा उलगडा होतो. एस्टोनियाविषयी लिहिताना घरबसल्या मतदान, मिनिटांत कंपनीची नोंदणी अशा सोयींचीच चर्चा जास्त होते. माझ्या मते संशोधनाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट त्या सोयींच्या खाली आहे: कोणती माहिती कोणी, कशासाठी आणि कोणाच्या संमतीने पाहायची, याबद्दल त्या समाजाने कायद्याने आणि यंत्रणेने करून ठेवलेला करार.

आधी देशाचा आकार डोळ्यांसमोर आणू. बाल्टिक समुद्राच्या काठावरील एस्टोनियाची लोकसंख्या १३ लाख ७० हजारांच्या आसपास आहे, म्हणजे गोव्याहूनही कमी. क्षेत्रफळ मात्र ४५ हजार चौरस किलोमीटरांहून थोडे अधिक, म्हणजे मराठवाड्याच्या दोन-तृतीयांशाहून किंचित जास्त आहे. तार्तू विद्यापीठ १६३२ मध्ये स्वीडनचा राजा दुसरा गुस्ताव आडोल्फ याच्या काळात स्थापन झाले. राजधानी तालिनमधील तंत्रविद्यापीठाची मुळे १९१८ सालची आहेत आणि त्याच वर्षी २४ फेब्रुवारीला देशाने प्रथम स्वातंत्र्य जाहीर केले. पुढे सुमारे अर्धे शतक सोव्हिएत सत्तेखाली गेले आणि २० ऑगस्ट १९९१ रोजी स्वातंत्र्य परत मिळाले. त्या वेळी देशाकडे पैसा नव्हता आणि जुनी यंत्रणा टिकवण्यासारखी नव्हती. पण १९६० पासून तालिनमध्ये काम करणारी सायबरनेटिक्स (म्हणजे नियंत्रण आणि माहितीप्रक्रियेच्या विज्ञानाची) संस्था होती आणि तिथे घडलेले गणितज्ञ व संगणकतज्ज्ञ होते. १९९०च्या दशकाच्या उत्तरार्धात ‘वाघाची झेप’ नावाच्या कार्यक्रमातून शाळाशाळांत संगणक आणि इंटरनेट पोचवले गेले. २००० साली डिजिटल सहीला हाताच्या सहीइतकेच कायदेशीर मोल देणारा कायदा झाला आणि २००२ पासून नागरिकांना चिप असलेले ओळखपत्र मिळू लागले.

हे ओळखपत्र पुढच्या सगळ्या गोष्टींचा पाया असल्यामुळे त्याचे काम नीट समजून घ्यायला हवे. प्रत्येक रहिवाशाला ११ अंकी क्रमांक मिळतो. त्यात जन्मतारीख उघडपणे वाचता येते आणि तो क्रमांक गुपित मानला जात नाही. गुपित असतात त्या कार्डाच्या चिपमध्ये बंद असलेल्या दोन किल्ल्या: एक ओळख पटवण्यासाठी आणि दुसरी सही करण्यासाठी. दोन्हींना वेगवेगळे सांकेतिक अंक लागतात. त्यामुळे ‘मी कोण’ हे सांगणे आणि ‘मला हे मान्य आहे’ असे म्हणणे या दोन कृती एकमेकींपासून स्पष्टपणे वेगळ्या राहतात. संशोधनात संमतीला जे महत्त्व आहे ते ध्यानात घेतले, तर हा फरक किती मोलाचा आहे हे लक्षात येईल.

आता माहितीच्या देवाणघेवाणीकडे वळू. आपल्याकडे सातबाराचा उतारा महसूल खात्याचा, जन्माचा दाखला ग्रामपंचायतीचा किंवा नगरपालिकेचा, शाळा सोडल्याचा दाखला शाळेचा. उतारा आता घरबसल्या मिळत असला, तरी तो पुढच्या कचेरीत अर्जाला जोडण्याचे काम अजूनही बहुधा आपणच करतो. म्हणजे दोन कचेऱ्यांमधला निरोप्या नागरिकच असतो. एस्टोनियात हे काम २००१ मध्ये सुरू झालेली ‘एक्स-टे’ ही व्यवस्था करते. एस्टोनियन भाषेत ‘टे’ म्हणजे रस्ता. सरकारने सगळ्यांची सगळी माहिती एका मोठ्या भांडारात गोळा केली असावी, असा अनेकांचा समज असतो, पण तसे घडलेले नाही. लोकसंख्येची नोंदवही तिच्या खात्याकडे, कराची नोंदवही करखात्याकडे आणि आरोग्याची नोंद आरोग्ययंत्रणेकडेच राहते. एका खात्याला दुसऱ्याकडची एखादी गोष्ट हवी असेल, तर ते तेवढाच प्रश्न विचारते. प्रश्नावर विचारणाऱ्या संस्थेचा शिक्का असतो, उत्तरावर देणाऱ्या संस्थेचा शिक्का असतो, वाटेत दोन्ही कुलूपबंद असतात आणि कोणी कधी काय विचारले याची नोंद मागे राहते. सरकारने नागरिकाकडे तीच माहिती पुन्हा मागू नये, असा दंडक त्यावर बेतलेला आहे. आपली नोंद कोणत्या खात्याने उघडली हे नागरिकाला बऱ्याच बाबतींत स्वतः पाहता येते आणि कारणाशिवाय कोणी डोकावले तर तक्रारही करता येते.

संशोधकाला याचा फायदा दोन प्रकारे होतो. पहिला अगदी सरळ आहे. रक्त देणाऱ्या माणसाला पुढे पंधरा वर्षांनी मधुमेह झाला की नाही, कोणती औषधे सुरू झाली, ती त्याने प्रत्यक्षात विकत घेतली की नाही, हे त्याला पुन्हा पुन्हा भेटून विचारावे लागत नाही. २००८ पासून देशव्यापी आरोग्यनोंद आणि २०१० पासून डिजिटल औषधचिठ्ठी अस्तित्वात असल्यामुळे, संमती असेल तर ती माहिती नोंदींतूनच मिळते. दीर्घकालीन अभ्यासात सर्वांत जास्त खर्च आणि सर्वांत जास्त गळती याच टप्प्यावर होत असते. दुसरा फायदा सूक्ष्म आहे: नोंदवह्या वेगवेगळ्या राहिल्यामुळे, त्या जोडायच्या असतील तर दर वेळी कोणाला तरी कारण सांगावे लागते आणि परवानगी घ्यावी लागते. संशोधकाला ही अडचण वाटते, पण लोकांचा विश्वास टिकून राहतो तो या अडचणीमुळेच.

जैवपेढीचा, म्हणजे बायोबँकेचा, इतिहास याच दृष्टीने वाचण्यासारखा आहे. आन्द्रेस मेत्सपालू या तार्तूच्या शास्त्रज्ञाच्या पुढाकाराने ही कल्पना पुढे आली. लक्षात घेण्यासारखी गोष्ट अशी की, नमुने गोळा करण्याआधी कायदा झाला. २००० सालच्या अखेरीस संसदेने मानवी जनुक संशोधनाचा कायदा मंजूर केला. त्यानुसार सहभाग ऐच्छिक आहे, आणि आपली ओळख पटवणारी माहिती नष्ट करा असे सहभागी व्यक्ती पुढे कधीही सांगू शकते. आपल्या जनुकांत काय आढळले हे जाणून घेण्याचा तिला जसा हक्क आहे, तसाच ते न जाणण्याचाही आहे. जनुकांच्या आधारे नोकरीत किंवा विम्यात भेदभाव करण्यास मनाई आहे. दिवाणी किंवा फौजदारी खटल्यात पुरावा म्हणून आणि पाळत ठेवण्यासाठी या संग्रहाचा वापर करण्यासही मनाई आहे. शेवटची तरतूद मला विशेष महत्त्वाची वाटते, कारण सोव्हिएत काळात पाळतीखाली जगलेल्या पिढीकडून रक्त मागायचे होते आणि तिच्या मनातल्या भीतीला कायद्याच्या भाषेत उत्तर देणे आवश्यक होते.

प्रकल्पाची वाट मात्र सोपी नव्हती. सुरुवातीचा खासगी गुंतवणुकीवरचा भरवसा काही वर्षांतच संपला आणि २००७ मध्ये हा संग्रह तार्तू विद्यापीठाचा भाग झाला. पहिल्या दशकाच्या अखेरीस सुमारे ५० हजार नमुने जमले होते. देशाच्या शताब्दीच्या वर्षी, २०१८ मध्ये, सरकारी पैशातून आणखी एक लाख लोकांना सहभागी करून घेण्याचे ठरले आणि ते साध्य झाले. पुढच्या वर्षी आणखी ५० हजारांची भर पडली. या संग्रहातून रक्तातील कोलेस्टेरॉल जन्मतःच वाढवणारे जनुकीय दोष असलेल्या लोकांना शोधून, त्यांना पुन्हा बोलावून तपासण्याचा प्रयोगही झाला. त्यांतल्या अनेकांना आपल्या धोक्याची कल्पना नव्हती किंवा पुरेसे उपचार मिळत नव्हते. अशा वेळी संशोधनाचा निष्कर्ष शोधनिबंधात अडकून न राहता माणसापर्यंत परत जातो. त्यासाठी ओळखीची विश्वासार्ह साखळी लागते, आणि ती इथे आधीपासून होती.

तरीही दोन लाख ही संख्या जनुकविज्ञानाच्या दृष्टीने लहानच आहे. उंची, रक्तदाब, मधुमेह यांसारख्या गुणांवर हजारो जनुकीय फरकांचा परिणाम होतो आणि एकेका फरकाचा वाटा इतका अल्प असतो की, तो आकड्यांच्या गोंगाटातून वेगळा काढण्यासाठी लाखो माणसांची माहिती लागते. ब्रिटनच्या बायोबँकेत पाच लाख लोक आहेत आणि शेजारच्या फिनलंडमधील संग्रहही तेवढाच मोठा आहे. म्हणून तार्तूचे संशोधक आपले निष्कर्ष इतरांच्या निष्कर्षांशी जोडतात. यात एकेका माणसाची माहिती देशाबाहेर जावी लागत नाही. प्रत्येक देश आपल्याकडेच हिशेब करतो, ‘या फरकाचा या गुणाशी इतका संबंध दिसला’ असा गोषवारा पाठवतो, आणि गोषवाऱ्यांचे एकत्रित गणित होते. २०२२ मध्ये उंचीविषयी जो प्रचंड अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात जगभरातील ५४ लाख लोकांची माहिती अशा प्रकारे वापरली गेली आणि उंचीशी संबंधित १२ हजारांहून अधिक जनुकीय फरक सापडले. एस्टोनियन शास्त्रज्ञांचा त्यात भाग होता. या अभ्यासातील बहुसंख्य माणसे युरोपीय वंशाची होती, त्यामुळे त्यातले आकडे आपल्या लोकांना जसेच्या तसे लावता येत नाहीत, हेही इथेच सांगायला हवे. भारताने १० हजार लोकांच्या संपूर्ण जनुकसंचांची माहिती २०२५ च्या जानेवारीत संशोधकांसाठी खुली केली, ती याच उणिवेवर उपाय म्हणून.

भारत आणि तार्तू यांचा संबंध त्याहून जुना आहे. तार्तूतील एस्टोनियन बायोसेंटर आणि हैदराबादची सीसीएमबी ही पेशी व रेणूंच्या जीवशास्त्राची संस्था यांनी भारतीय उपखंडातील लोकसमूहांच्या जनुकीय इतिहासावर अनेक वर्षे एकत्र काम केले असून, २०११ मध्ये दक्षिण आशियातील लोकसमूहांच्या जनुकीय रचनेवर त्यांचा एक महत्त्वाचा शोधनिबंध प्रसिद्ध झाला. भारतीय तरुण संशोधक तिकडे शिकायला गेले आणि परत येऊन इथल्या विद्यापीठांत काम करू लागले. एकाकडे विश्लेषणाचे कसब होते, दुसऱ्याकडे जगात क्वचितच आढळणारी मानवी विविधता आणि ती ओळखणारे शास्त्रज्ञ होते. दोघांनाही एकमेकांची गरज असली की सहकार्य टिकते, हे यात दिसते.

आतापर्यंतच्या उदाहरणात संमती घेऊन माहिती जोडली गेली. पण जिथे लाखो लोकांची संमती घेणे शक्यच नाही आणि कायदा माहिती एकत्र करू देत नाही, तिथे काय करायचे? या प्रश्नावर एस्टोनियात झालेला एक प्रयोग मला या साऱ्या विषयातील सर्वांत सुंदर गोष्ट वाटते. संगणकशास्त्राचे अनेक विद्यार्थी पदवी वेळेत पूर्ण करत नव्हते. शिकत असतानाच नोकरी लागते म्हणून ते मागे पडतात, असा तर्क केला जात होता. तर्क तपासायचा, तर शिक्षण खात्याकडील विद्यार्थ्यांच्या नोंदी आणि करखात्याकडील पगाराच्या नोंदी माणसागणिक जुळवायला हव्या होत्या. आणि एखाद्याचा पगार विद्यापीठातल्या कोणा संशोधकाला दिसावा, हे कायद्याला मंजूर नव्हते.

सायबरनेटिका या तालिन-तार्तूतील संस्थेने बनवलेल्या ‘शेअरमाइंड’ या प्रणालीने यातून मार्ग काढला. तिचे तत्त्व लहान आकड्यांवर समजते. समजा एका विद्यार्थ्याची कमाई ४० आहे. ती १७, ५५ आणि उणे ३२ अशा तीन तुकड्यांत मोडली. तिघांची बेरीज ४० होते, पण कोणताही एक किंवा दोन तुकडे पाहून मूळ आकडा कळत नाही, कारण पहिले दोन तुकडे मनाला येतील तसे निवडलेले आहेत आणि तिसरा त्यांच्यावरून ठरलेला आहे. दुसऱ्या विद्यार्थ्याची कमाई २५. तिचे तुकडे उणे ८, १२ आणि २१. आता पहिले तुकडे एका संस्थेच्या संगणकावर, दुसरे दुसऱ्या संस्थेच्या आणि तिसरे तिसऱ्या संस्थेच्या संगणकावर ठेवले. पहिली संस्था आपल्याकडची बेरीज करते: ९. दुसरीची येते ६७ आणि तिसरीची उणे ११. या तीन बेरजा एकत्र केल्या की ६५ मिळतात, आणि ४० अधिक २५ बरोबर तेवढेच भरतात. एकूण कमाई समजली, पण कोणा एकाची कमाई कोणत्याही संस्थेला दिसली नाही. प्रत्यक्षात आकडे घड्याळाच्या काट्यासारखे एका मोठ्या मर्यादेत फिरतात, म्हणजे तुकड्याच्या लहानमोठेपणावरूनही अंदाज बांधता येत नाही. गुणाकार आणि तुलना करण्यासाठी तिन्ही संगणकांना एकमेकांशी बरेच बोलावे लागते. पण मूळ कल्पना एवढीच आहे.

या पद्धतीने एक कोटीहून अधिक करनोंदी आणि पाच लाखांहून अधिक शैक्षणिक नोंदी जोडल्या गेल्या. मूळ माहिती मालक खात्याच्या आवारातच तुकड्यांत मोडली गेली होती आणि बाहेर पडला तो फक्त अंतिम, गटवार निष्कर्ष. शिकताना नोकरी करणे आणि पदवीला उशीर होणे यांचा जो संबंध गृहीत धरला होता, तो आकड्यांत दिसला नाही. निष्कर्षापेक्षा पद्धतीचे महत्त्व अधिक आहे. ‘एक तर गोपनीयता, नाहीतर संशोधन’ असा जो पेच बहुतेक देशांत धोरणकर्त्यांना सुटत नाही, तो निदान काही प्रश्नांपुरता गणिताने सुटू शकतो, हे खऱ्या सरकारी नोंदींवर दाखवून देता आले. असा प्रयोग मोठ्या देशातही अशक्य नाही. पण शिक्षण खाते, करखाते, माहिती संरक्षणाची जबाबदारी असलेली संस्था आणि गणितज्ञ यांना एका टेबलाशी बसवणे तिथे कितीतरी अवघड असते. एस्टोनियात ही माणसे बहुधा एकमेकांना आधीपासून ओळखत असतात.

सगळे काही डिजिटल पायावर उभे केले की पायाला तडा जाण्याचा धोकाही तेवढाच मोठा होतो. २००७ च्या वसंतात एस्टोनियातील सरकारी संकेतस्थळे, बँका आणि वृत्तपत्रे यांच्यावर मोठे सायबर हल्ले झाले आणि पुढच्याच वर्षी तालिनमध्ये नाटोचे सायबर संरक्षण केंद्र सुरू झाले. त्याहून बोलका प्रसंग २०१७ चा आहे. झेक प्रजासत्ताकातील ब्रनो शहराच्या मासारिक विद्यापीठातील संशोधकांसह एका गटाला असे आढळले की, विशिष्ट बनावटीच्या चिपमध्ये गुप्त किल्ल्या तयार करण्याची रीत सदोष आहे आणि पुरेशी संगणकीय ताकद असेल तर तिच्या जोडीची, सर्वांना दिसणारी उघड किल्ली पाहून गुप्त किल्ली काढता येईल. एस्टोनियाची साडेसात लाखांच्या आसपास ओळखपत्रे याच चिपवर चालत होती. ऑगस्टच्या अखेरीस सरकारला हे कळवण्यात आले आणि सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात पंतप्रधानांनी ते जाहीरपणे सांगितले. नवी प्रणाली तयार करून लोकांना कार्डे अद्ययावत करायला लावली गेली आणि नोव्हेंबरच्या सुरुवातीस न बदललेल्या कार्डांची जुनी डिजिटल प्रमाणपत्रे स्थगित झाली. गैरवापराची घटना उघडकीस आली नव्हती. तरीही दोष लपवून ठेवण्याऐवजी तो सांगून टाकणे सरकारला जास्त सुरक्षित वाटले. दोष शोधणारे बाहेरचे होते, पण दुरुस्ती करताना देशातील विद्यापीठांतले आणि कंपन्यांतले तज्ज्ञ खांद्याला खांदा लावून उभे राहिले. ज्या देशात असे तज्ज्ञ घडवणारे विद्यापीठच नसेल, त्याने केवळ यंत्रणा विकत घेऊन डिजिटल होऊ नये, असे मला या प्रसंगावरून ठामपणे वाटते.

देश लहान असण्याच्या अडचणींकडे आता पाहू. एखाद्या विषयात देशभरात मिळून दोन किंवा तीनच गट असतील, तर अनुदानाच्या प्रस्तावाचे परीक्षण कोणी करायचे? परीक्षक एक तर प्रतिस्पर्धी असतो, नाहीतर जुना सहकारी किंवा गुरू. म्हणून २०१२ मध्ये स्थापन झालेली एस्टोनियन संशोधन परिषद मोठ्या अनुदानांसाठी परदेशी परीक्षकांची मते घेते आणि त्यामुळे प्रस्ताव इंग्रजीत लिहिले जातात. संशोधकांची माहिती, त्यांचे प्रकल्प आणि प्रकाशने ‘एटिस’ नावाच्या राष्ट्रीय नोंदणीप्रणालीत असतात आणि बरीचशी कोणालाही वाचता येते. सहकारी शोधणाऱ्या बाहेरच्या माणसाला याचा मोठा उपयोग होतो: कोण कशावर काम करत आहे आणि त्याचे अनुदान कधी संपते, हे तासाभरात समजते. याउलट, एका गटाचे अनुदान नाकारले गेले तर तो विषयच देशातून नाहीसा होण्याची भीती असते. मोठ्या देशात एक प्रयोगशाळा बंद पडली तरी दुसरी चालू राहते. इथे मात्र दुसरी नसतेच. २०१८ च्या डिसेंबरमध्ये राजकीय पक्षांनी संशोधनावरील सरकारी खर्च सकल देशांतर्गत उत्पादनाच्या एक टक्क्यापर्यंत नेण्याच्या करारावर सह्या केल्या, त्यामागे ही अस्थिरता कमी करण्याची शास्त्रज्ञांची दीर्घकाळची मागणी होती.

सहकार्याची सवय तार्तूला दोनशे वर्षांपासूनची आहे. तेथील वेधशाळेचे फ्रिडरिश स्ट्रूव यांनी १८१६ ते १८५५ या काळात नॉर्वेपासून काळ्या समुद्रापर्यंत २८०० किलोमीटरांहून लांब रेखावृत्ताचा कंस मोजून घेतला. आजच्या हिशेबाने तो दहा देशांतून जातो आणि २००५ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहे. त्याच काळात भारतात विल्यम लॅम्बटन दक्षिणेकडून उत्तरेकडे असाच कंस मोजत निघाले होते. काम चालू असतानाच १८२३ मध्ये वर्धा जिल्ह्यातील हिंगणघाट येथे त्यांचा मृत्यू झाला. पृथ्वीचा नेमका आकार काय, या एकाच प्रश्नासाठी तार्तू आणि हिंगणघाट ही दोन ठिकाणे मोजणीच्या साखळ्यांत गुंफली गेली होती. पुढे सोव्हिएत काळात बाहेरच्या जगाशी संपर्क दुर्मीळ असतानाही तार्तूजवळच्या तोरावेरे वेधशाळेत यान आइनास्तो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७४ मध्ये दीर्घिकांभोवती अदृश्य वस्तुमानाची मोठी आवरणे असल्याचा निष्कर्ष मांडला. अमेरिकेतील शास्त्रज्ञही त्याच वर्षी तशाच निष्कर्षाला पोचले होते. १९७७ मध्ये तालिनला भरलेल्या आंतरराष्ट्रीय परिसंवादात विश्वाच्या जाळीदार रचनेची चर्चा झाली आणि सीमा बंद असलेल्या देशात जग काही दिवसांसाठी चर्चेला येऊन बसले.

आज बाहेरच्या जगाशी जोडून घेण्याची ही गरज आंतरराष्ट्रीय संस्थांच्या सभासदत्वांतून भागवली जाते. एस्टोनिया २०१५ मध्ये युरोपीय अवकाश संस्थेचा आणि ३० ऑगस्ट २०२४ रोजी सर्न या युरोपीय कणभौतिकी प्रयोगशाळेचा पूर्ण सभासद झाला. फिनलंडमधील कायानी येथील ‘लुमी’ हा महासंगणक अनेक देशांनी मिळून उभारला, त्यात एस्टोनियाचाही वाटा आहे. स्वतःचा कणत्वरक किंवा महासंगणक बांधणे या देशाला कधीच परवडणार नाही, पण वाट्यापुरती वर्गणी भरून तिथल्या यंत्रांवर काम करण्याचा हक्क मिळवता येतो. विद्यार्थ्यांनी बनवलेला एस्टक्यूब-१ हा दहा सेंटिमीटर बाजूचा उपग्रह ७ मे २०१३ रोजी अवकाशात गेला. सौर वाऱ्याच्या विद्युतभारित कणांवर ढकलले जाणारे शीड ही कल्पना फिनलंडच्या शास्त्रज्ञाची, ती तपासण्याचे यंत्र तार्तूचे आणि प्रक्षेपक युरोपचा होता. या शिडाची तार अवकाशात उलगडली नाही, त्यामुळे मुख्य प्रयोग साधला नाही. २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये गेलेला एस्टक्यूब-२ तर प्रक्षेपकापासून वेगळाच झाला नाही. पण या दोन उपग्रहांवर काम करून तयार झालेले तरुण अभियंते देशाच्या अवकाश उद्योगाचे मनुष्यबळ झाले आणि लहान देशाला त्या खर्चाचे चीज झाल्यासारखे वाटले तर ते योग्यच आहे.

महाराष्ट्रातून तिकडे जाऊ पाहणाऱ्या संशोधकासाठी काही गोष्टी सांगण्यासारख्या आहेत. २०२२ पासून नव्याने प्रवेश घेणाऱ्या पीएच.डी.च्या बहुतेक विद्यार्थ्यांना विद्यापीठ कनिष्ठ संशोधक म्हणून नोकरीवर घेते. म्हणजे शिष्यवृत्तीऐवजी पगार, आरोग्यविमा आणि रजा मिळते. त्यामुळे जागेची जाहिरात ही नोकरीची जाहिरात समजून वाचावी आणि अर्ज करण्याआधी गटप्रमुखाला थेट, नेमका मजकूर असलेले पत्र लिहावे. पीएच.डी. झालेल्यांसाठी युरोपीय संघाची मारी स्क्वोदोव्स्का-क्यूरी अधिछात्रवृत्ती कोणत्याही देशाच्या नागरिकाला खुली आहे. एक महत्त्वाची अट अशी की ज्या देशात जायचे तिथे अलीकडे दीर्घ वास्तव्य झालेले नसावे. एस्टोनिया हा संशोधनाची क्षमता वाढवण्यासाठी युरोपीय संघ ज्यांना खास मदत करतो अशा देशांपैकी एक आहे. त्यामुळे मुख्य स्पर्धेत चांगले गुण मिळूनही निधीअभावी मागे राहिलेल्या प्रस्तावाला, अर्जदाराने तशी इच्छा नोंदवली असेल, तर अशा देशांसाठी राखलेल्या वेगळ्या निधीतून संधी मिळू शकते. अनेक भारतीय अर्जदार हा पर्याय नोंदवायचा विसरतात, असे माझे निरीक्षण आहे. तिथे पोचल्यावर ओळखक्रमांक आणि कार्ड हाती येईपर्यंत काही आठवडे बँक, डॉक्टर, घराचा करार अशी सगळी कामे अडून राहतात, कारण जिथे सगळे त्या कार्डावर चालते तिथे कार्ड नसलेल्याला वाटच नसते. एकदा ते मिळाले की मात्र करारावरची सहीसुद्धा घरून होते. डिसेंबरात तार्तूला दिवसाचा उजेड सहा-साडेसहा तासच असतो, याचीही मनाची तयारी असावी.

आणि भाषेचा प्रश्न आहेच. एस्टोनियन ही जेमतेम अकरा लाख लोकांची भाषा आहे, तरी १ डिसेंबर १९१९ पासून तार्तू विद्यापीठात ती शिक्षणाची भाषा आहे आणि तिच्यात भौतिकशास्त्रापासून वैद्यकापर्यंत सगळे शिकवता येते. परदेशी परीक्षक, परदेशी विद्यार्थी आणि परदेशी सहकारी यांच्यामुळे पदव्युत्तर पातळीवर इंग्रजी वाढत आहे आणि त्यावर तिथे मोकळेपणाने वाद होतो. सहकार्याशिवाय विज्ञान टिकत नाही आणि सहकार्याची भाषा बहुधा दुसऱ्याची असते, या ओढाताणीतून त्यांनी काढलेली एक वाट अशी आहे: इंग्रजीत लिहिलेल्या प्रबंधाला एस्टोनियन सारांश जोडायचा. नव्या संज्ञेला आपल्या भाषेत शब्द शोधण्याचे काम त्यामुळे प्रत्येक नव्या डॉक्टरेटच्या विद्यार्थ्यावर येते आणि परदेशातून आलेला विद्यार्थी त्यासाठी एखाद्या स्थानिक सहकाऱ्याशेजारी बसतो.